नाव, पत्ता आणि मधला माणूस : डीएनएस आणि कॅशिंग प्रॉक्सीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांनी मला विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, तुम्ही या प्रॉक्सी सर्व्हरच्या भानगडीत कसे पडलात? प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी नोकरीत असताना आमच्या संस्थेने मला संगणक समितीवर घेतलं होतं. कारण एवढंच, की समितीत एक 'बाहेरचा' माणूस लागतो. संस्थेत इंटरनेटची एकच लाइन होती आणि ती सगळ्यांना वाटून देण्यासाठी मध्ये एक यंत्र बसवलेलं होतं. त्यावर स्क्विड नावाचा कॅशिंग प्रॉक्सी चाले. हा म्हणजे मधला माणूस. तुम्ही एखादं पान मागितलं, की तो तुमच्या वतीने बाहेर जातो, पान आणतो, तुम्हाला देतो आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. दुसऱ्याने तेच पान मागितलं तर पुन्हा बाहेर जायची गरज नाही.

कंत्राटावर काम करणाऱ्या एका तरुण तंत्रज्ञाने एका शनिवारी हा प्रॉक्सी जुन्या २.७ आवृत्तीवरून ३.१ वर नेला. सोमवारी तक्रारी सुरू झाल्या. बहुतेक संकेतस्थळं नीट उघडत होती, पण काही मोजकी फार वेळ घेत होती आणि कधीकधी उघडतच नव्हती. दुर्दैवाने त्या मोजक्यांत परीक्षेचे अर्ज भरण्याचं संकेतस्थळ होतं, आणि मुदत बुधवारपर्यंत. बाहेर मुलांची रांग. कार्यालयातली दोन-तीन यंत्रं प्रॉक्सीला वळसा घालून थेट बाहेर जात, तिथे तेच संकेतस्थळ झटकन उघडत होतं. मंगळवारी जुनी आवृत्ती परत घातली आणि सगळं सुरळीत झालं. मग चौकशी झाली. तीन जणांच्या त्या चौकशी समितीत मी होतो. अहवालात आम्ही लिहिलं : 'बिघाड अपग्रेडमधील निष्काळजीपणामुळे झाला.' खाली माझी सही आहे.

ते वाक्य चुकीचं होतं. का चुकीचं होतं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली, आणि त्यासाठी या नावा-पत्त्यांचा सगळा इतिहास वाचावा लागला. तोच आज सांगणार आहे.

एका फाइलीपासून सुरुवात

यंत्रांना एकमेकांशी बोलायला आकड्यांतला पत्ता लागतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, त्याला नाव लागतं. म्हणून नावावरून पत्ता काढून देणारं कोणीतरी हवं.

१९६९ साली अर्पानेट सुरू झालं तेव्हा यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढे नावं आणि पत्ते यांची एक फाइल ठेवली जाऊ लागली, तिचं नाव होस्ट्स डॉट टेक्स्ट. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तिची मूळ प्रत असे. १९७२पासून एलिझाबेथ फाइनलर या बाई तिथल्या माहिती केंद्राचं काम पाहत होत्या. नवं यंत्र जोडलं, की त्यांच्या कार्यालयाला कळवायचं, ते फाइलीत नोंद करणार, आणि बाकी सगळे ती फाइल उतरवून घेणार. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात सातबारा असतो ना, तसंच. फरक इतकाच, की इथे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी सगळ्या गावाचं दप्तर नकलून ठेवलेलं!

यंत्रं वाढली तशी ही पद्धत मोडकळीला आली. फाइल मोठी होत गेली, ती उतरवून घेणारे वाढले, आणि कोणाची ना कोणाची प्रत कायम शिळी राहू लागली. दोघांनी एकच नाव मागितलं तर काय करायचं, हाही प्रश्न होताच.

यावर उत्तर दिलं पॉल मोकापेट्रिस यांनी. ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होते. नोव्हेंबर १९८३मध्ये आरएफसी ८८२ आणि ८८३ हे त्यांचे दोन दस्तऐवज आले, आणि १९८७च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची सुधारित रूपं, आरएफसी १०३४ आणि १०३५. हीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. कल्पना अशी, की सगळं दप्तर एका ठिकाणी ठेवायचंच नाही. प्रत्येकाने आपापल्या नावांची जबाबदारी घ्यायची आणि वरच्याने फक्त 'पुढे कोणाला विचारायचं' तेवढं सांगायचं.

आपल्या 'डॉट इन'ची जबाबदारी सुरुवातीला मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती. देशभराच्या नावांची किल्ली काही वर्षं जुहूला होती, हे आपल्यापैकी फार जणांना माहीत नसतं.

उत्तराचं आयुष्य

मोकापेट्रिस यांच्या रचनेतली एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक उत्तराबरोबर एक आकडा येतो, इतक्या सेकंदांचा. त्याला टीटीएल म्हणतात. उत्तर देणारा सांगतो, 'हा पत्ता घे, पण एवढा वेळच लक्षात ठेव. नंतर पुन्हा विचार.'

आपल्या न्यायदर्शनात स्मृतीला प्रमा मानत नाहीत. म्हणजे आठवण ही खरी असू शकते, पण ती स्वतंत्र ज्ञान नाही, आधी झालेल्या अनुभवाच्या संस्कारावर ती उभी असते. ज्याला पत्ता माहीत असण्याचा अधिकार आहे तो सर्व्हर 'आप्त', त्याचं सांगणं हे शब्दप्रमाण. मधल्याने साठवलेलं उत्तर ही स्मृती. डीएनएसने या स्मृतीला मुदत घालून दिली, आणि मुदत ठरवण्याचा हक्क आठवणाऱ्याला न देता सांगणाऱ्याला दिला.

आता दुसरी बाजू. 'असं नाव अस्तित्वात नाही' हे उत्तरसुद्धा साठवायचं का? साठवायचं, आणि त्याचे काटेकोर नियम मार्च १९९८च्या आरएफसी २३०८मध्ये आले. इथे मला भाट्ट मीमांसकांची आठवण होते. भूतलावर घट नाही, हे मला कशाने कळतं? ते म्हणतात, अनुपलब्धी या वेगळ्या प्रमाणाने. पण अट आहे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत. अंधारात घट दिसला नाही म्हणून 'घट नाही' असं म्हणता येत नाही. हिलाच योग्यानुपलब्धी म्हणतात. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्क्विडचा जन्म आणि त्याची पहिली अडचण

वेब आलं आणि लाइन कमी पडू लागली. १९९४ साली जिनिव्हाच्या पहिल्या वेब परिषदेत सर्नच्या प्रॉक्सीविषयी निबंध वाचला गेला. त्याच काळात अमेरिकेत हार्वेस्ट नावाचा संशोधन प्रकल्प चालू होता. त्यातल्या कॅशचा धागा पुढे नेऊन ड्वेन वेसल्स आणि सहकाऱ्यांनी स्क्विड उभा केला. पहिली आवृत्ती १९९६ची, पैसा नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, आणि प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत. एका बारीक लाइनवर अख्खी संस्था चालवायची असल्याने अशा फुकट आणि भरवशाच्या मधल्या माणसाची आपल्याला गरज होतीच.

स्क्विडची मांडणी अशी, की एकच प्रक्रिया शेकडो लोकांना एकाच वेळी सांभाळते. ती कोणासाठीही थांबून राहत नाही. पण नावावरून पत्ता काढायचा तर त्या काळी सोय एकच : युनिक्समधलं गेटहोस्टबायनेम हे फंक्शन. ते विचारतं आणि उत्तर येईपर्यंत हटून बसतं. स्क्विडने ते स्वतः वापरलं असतं तर एका संथ नावापायी सगळी रांग खोळंबली असती. म्हणून त्याने मदतनीस ठेवले, डीएनएस-सर्व्हर नावाच्या छोट्या वेगळ्या प्रक्रिया. मूळ मांडणीत पाच. ते पाचही अडकले तर सहावा प्रश्न वाट पाहणार.

या व्यवस्थेत आणखी एक खोट होती. गेटहोस्टबायनेम पत्ता देतं, पण टीटीएल देत नाही. सांगणाऱ्याने 'पाच मिनिटंच लक्षात ठेव' म्हटलं असलं तरी ते स्क्विडच्या कानावर पडतच नसे. तो आपला ठरावीक काळ, मूळ मांडणीत सहा तास, तोच पत्ता धरून बसे.

२.३ या आवृत्तीत, २००० सालच्या सुमारास, स्क्विडने मदतनीस बाजूला ठेवले आणि तो स्वतःच डीएनएसशी बोलायला शिकला. आता टीटीएल कळू लागला. आता बघा गंमत. पूर्वी जो प्रश्न सहा तासांत एकदा जाई, तो मालकाने पाच मिनिटांची मुदत घातली असेल तर दर पाच मिनिटांनी जाऊ शकतो. अशा अपग्रेडनंतर डीएनएसचे प्रश्न वाढलेले दिसले तर पाहणारा म्हणेल, नवी आवृत्ती बिघडली. वस्तुतः ती नियम पाळू लागली होती.

दोन प्रश्न, एक मौन

आता आमच्या सोमवारकडे येऊ. २०१०मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीत स्क्विडला आयपीव्ही६ येऊ लागलं. जुना पत्ता ३२ बिटांचा, नवा १२८ बिटांचा. डीएनएसमध्ये जुन्या पत्त्याच्या नोंदीला 'ए' म्हणतात आणि नव्याच्या नोंदीला चार वेळा ए, बोलताना 'क्वॉड-ए'. जुना स्क्विड प्रत्येक नावासाठी एकच प्रश्न विचारी. नवा दोन विचारू लागला आणि दोन्हींचा निकाल लागेपर्यंत थांबू लागला.

ज्या नावाला क्वॉड-ए नोंद नाही त्याच्या सर्व्हरने काय करावं? सरळ सांगावं, 'नाव आहे, पण या प्रकारची नोंद नाही.' एवढं उत्तर आलं, की काम पुढे सरकतं. पण जगात काही सर्व्हर असे होते, की अनोळखी प्रश्न आला की गप्प बसत. काही त्याहून वाईट, 'असं नावच नाही' म्हणून मोकळे होत. हे इतकं पसरलेलं होतं, की मे २००५मध्ये या गैरवर्तनांची यादी देणारा स्वतंत्र दस्तऐवजच निघाला, आरएफसी ४०७४.

परीक्षेच्या त्या संकेतस्थळाचा नावाचा सर्व्हर गप्प बसणाऱ्यांपैकी होता. स्क्विड विचारी. उत्तर नाही. पाच सेकंदांनी पुन्हा विचारी. उत्तर नाही. शेवटी मुदत संपे, तोवर मुलाचा धीरही संपलेला. कार्यालयातल्या जुन्या विंडोज एक्सपी यंत्रांत आयपीव्ही६ चालू नव्हतं, ती फक्त 'ए' विचारत, म्हणून तिथे झटकन उघडे. जुना स्क्विडही फक्त 'ए' विचारी, म्हणून तो परत घातल्यावर सगळं 'सुरळीत'.

म्हणजे आम्ही अन्वय-व्यतिरेक लावला होता बरं का! नवी आवृत्ती आहे तिथे बिघाड आहे, नाही तिथे नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात मी हेच शिकवत होतो. पण अन्वय-व्यतिरेकाने एवढंच ठरतं, की या दोन गोष्टींचा संबंध आहे. दोष कोणात आहे हे त्याने ठरत नाही. दाराशी गेलेल्या माणसाला कुत्रा चावला. माणूस गेला नसता तर चावला नसता, हे खरं. म्हणून चावण्याचा दोष जाणाऱ्याचा होतो का?

त्या मुलाने पॅकेट टिपून काढलेली दोन पानं समितीपुढे ठेवली होती. एका बाजूला आमच्या यंत्राचे प्रश्न, वेळेसकट. दुसऱ्या बाजूला उत्तरं. क्वॉड-एच्या ओळींपुढे काहीच नव्हतं. तो म्हणाला, 'सर, आपण विचारतोय, तिकडून कोणी बोलत नाहीये.' मी पानं चाळली आणि बाजूला ठेवली. वाचता येत नव्हती, आणि तसं म्हणायचा संकोच वाटला. त्याचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही.

पुढे काय झालं

स्क्विडच्या कर्त्यांनाही हा त्रास कळत होता. नंतरच्या आवृत्त्यांत 'आधी जुने पत्ते वापर' असं सांगणारी डीएनएस-व्ही४-फर्स्ट ही आज्ञा होती. पण ती फक्त क्रम बदलते. प्रश्न दोन्ही जातातच, त्यामुळे मौनाचं औषध ती नव्हे. २०१२च्या ३.२ आवृत्तीत आणखी एक भर पडली. वापरणाऱ्याला न सांगता मधल्यामध्ये रहदारी अडवून घेणारा प्रॉक्सी असेल, तर मागितलेलं नाव आणि प्रत्यक्ष गाठायचा पत्ता जुळतो का, हे स्क्विड स्वतः डीएनएसला विचारून तपासू लागला. वापरणारा एका डीएनएस सर्व्हरला विचारतो आणि प्रॉक्सी दुसऱ्याला, तर मोठ्या संकेतस्थळांचे पत्ते दोघांना वेगळे मिळतात. मग नोंदवहीत बनावट नावाचे इशारे दिसू लागतात, आणि पुन्हा तीच ओरड, की अपग्रेडने घोटाळा केला.

मुळातला उपाय आला २०२१मध्ये, पाचव्या पिढीत. ब्राउझरवाल्यांनी 'हॅपी आयबॉल्स' नावाची रीत आधीच घालून दिली होती. आरएफसी ६५५५, २०१२ सालचा, आणि मग ८३०५, २०१७चा. सोप्या भाषेत सांगायचं तर, दोन्ही उत्तरांसाठी हात बांधून बसू नका, जो पत्ता हाती येईल तो घेऊन कामाला लागा. स्क्विड पाचने हे स्वीकारलं आणि डीएनएस-व्ही४-फर्स्ट काढून टाकलं. साहजिकच ज्यांच्या जुन्या मांडणीत ती ओळ होती त्यांना अपग्रेडनंतर पुन्हा नवं वागणं दिसलं.

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली, तर माझ्यासारखी सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. एक, प्रॉक्सी नेमका कोणाला विचारतोय? स्क्विड रिझॉल्व्ह-कॉन्फ ही फाइल सुरू होताना किंवा मांडणी पुन्हा वाचताना बघतो. मधे तुम्ही ती बदललीत तर त्याला पत्ता नसतो. दोन, काय विचारतोय? ए, क्वॉड-ए, की पत्त्यावरून नाव? नियमावलीत ग्राहक यंत्राच्या नावावर आधारलेली एक ओळ असली, तरी हे उलटे प्रश्न सुरू होतात. तीन, उत्तर काय येतंय? 'नाव नाही', 'या प्रकारची नोंद नाही', 'मला जमलं नाही' आणि मौन, ही चार वेगळी उत्तरं आहेत. चार, ते किती वेळ लक्षात ठेवलं जातंय? यातलं बरंचसं स्क्विडच्या कॅश मॅनेजरच्या अहवालांत दिसतं, उरलेलं पॅकेट टिपून.

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त थांबा. मौन हे अंधारातल्या घटासारखं आहे. त्यावरून 'नाही' ठरवता येत नाही, आणि 'विचारणाराच चुकला' असं तर मुळीच नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*आयपीव्ही६ सरळ बंद करून टाकलं तर?*

तात्पुरतं चालेल, आणि बुधवारची मुदत तोंडावर असेल तर जरूर करावं. रांगेतल्या मुलाला इतिहास सांगून उपयोग नाही. पण बंद का केलं हे तारखेसकट लिहून ठेवा आणि त्या गप्प सर्व्हरच्या मालकाला कळवा. नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी ते चालू करील आणि त्याच्यावर चौकशी बसेल.

*तो तरुण तुम्हाला नंतर भेटला का?*

हो. सगळं नीट समजल्यावर मी त्याचा नंबर शोधून फोन केला. म्हटलं, तुझी ती दोन पानं बरोबर होती, आम्ही चुकलो, आणि मी वाचता न येता सही केली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'सर, ती पानं अजून आहेत माझ्याकडे.' अहवाल दुरुस्त करावा असं पत्र मी संस्थेला पाठवलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पाच सेकंदांनी नाही, पण मी पुन्हा विचारणार आहे.